‘ह्यात न्यारं काय हाय?’ : एका वायसरच्या पेटंटची पावणेतीन वर्षं

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक जुनं प्रेस आणि मला धरून सहा माणसं. आण्णा गेल्यापासून मीच बघते. पेटंट हा शब्द मी इंजिनिअरिंगला असताना परीक्षेपुरता वाचला होता. आपल्याला कधी त्याच्या वाटेला जावं लागेल असं वाटलं नव्हतं, आणि जायचं ठरलं तेव्हा विचारायला ओळखीतलं कुणीही नव्हतं. म्हणून हे तारखांसकट लिहून ठेवते.

सुरुवात २०२१ च्या उन्हाळ्यात झाली. आमचं जॉबवर्क घेणारे एक खडी क्रशरवाले आले आणि पिशवीभर झिजलेले नट टेबलावर ओतून म्हणाले, “ताई, चाळणीचे नट थांबंनात.” क्रशरची चाळणी दिवसभर हादरत असते. जाळी ताणून धरायला कडेने मँगनीज स्टीलची पट्टी असते आणि ती एम १६ च्या बोल्टांनी आवळलेली असते. नट सैल पडला की जाळी फडफडते आणि फाटते. मग फिटर काय करतो? नटाला वेल्डिंगचा टाका मारतो. दोन-तीन आठवड्यांनी जाळी बदलायची वेळ आली की तोच नट गॅसने कापतो. स्प्रिंग वायसर, चेकनट, नायलॉक, सगळं त्यांनी करून बघितलं होतं. (आमच्याकडे वॉशरला वायसरच म्हणतात. अर्जात मात्र वॉशर लिहिलं.)

उतारवाल्या वायसरची जोडीही त्यांनी वापरली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दोन वायसर एकमेकांवर बसतात, आतल्या तोंडांवर उतार असतात आणि बाहेरच्या तोंडांवर दाते. एम १६ च्या आट्यांचा चढ साधारण अडीच अंश असतो आणि वायसरचा उतार त्याहून तीव्र. त्यामुळे नट सुटायला लागला की वरचा वायसर उतारावर चढतो आणि बोल्ट उलट जास्तच ताणला जातो. फार हुशार वस्तू आहे ती. पण खालचे दाते पट्टीत रुतले तरच ती चालते, आणि मँगनीज स्टील मार खाऊन खाऊन कडक होत जातं. नव्या पट्टीवर दाते धरायचे, महिनाभर दगड आपटलेल्या पट्टीवर घसरायचे.

आमचे महादूमामा आण्णांच्या वेळेपासून लेथवर आहेत. त्यांच्याशी बोलता बोलता ठरलं की खालच्या वायसरचे दाते काढून टाकायचे, त्याला एक जीभ ठेवायची आणि ती पट्टीतल्या खाचेत बसवायची. वायसर फिरायचा प्रश्नच मिटला. मामा म्हणाले, “ह्यात न्यारं काय हाय? जीभंचा वायसर तर आमी पोरवयापासनं बघतूय.” हेच वाक्य पुढे सरकारी इंग्रजीत वाचायचं होतं, ते तेव्हा माहीत नव्हतं.

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मैत्रिणीने पेटंट एजंटांचा नंबर दिला. पहिल्याच फोनवर त्यांनी विचारलं, “मॅडम, हे कुणाला दाखवलंय का? प्रदर्शनात ठेवलंय का?” डिसेंबरात एका औद्योगिक प्रदर्शनात स्टॉल घ्यायचा माझा विचार होता. त्यांनी तो लांबणीवर टाकायला लावला. अर्जाआधी वस्तू उघड झाली तर नावीन्यच जातं आणि मग पुढचं काहीच उरत नाही. चाचणीसाठी क्रशरवर लावायची तर आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तारीख राखून ठेवणारा तात्पुरता, अर्ज टाका, असं त्यांनी सांगितलं. भाऊबीज झाल्यावरच्या सोमवारी, ८ नोव्हेंबर २०२१ ला, तो गेला. सरकारी फी १,६०० रुपये, कारण अर्ज मी माझ्या नावाने केला होता. व्यक्तीला, स्टार्टअपला आणि लघुउद्योगाला हाच दर आहे, मोठ्या कंपनीला ८,००० पडतात. वकीलपत्राची मूळ प्रत मागितली तर पंधरा दिवसांत मुंबईच्या पेटंट कार्यालयात पोचवायची असते. ती मी स्पीड पोस्टने पाठवली आणि पावती फाइलला लावली. अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनाच्या पायऱ्या चढाव्या लागतील म्हणून मी धास्तावले होते, पण शेवटपर्यंत तिथे जावंच लागलं नाही.

प्रोव्हिजनलनंतर बारा महिन्यांत पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं सविस्तर वर्णन, द्यावं लागतं. ते बारा महिने आमच्या चुकांचे होते.

डिसेंबरात पहिला सेट लावला. नवव्या दिवशी सैल. आम्हाला वाटलं जीभ वाकतेय. चार मिलिमीटरची जीभ सहाची केली. ती सहाव्या दिवशी सैल. मग पोलाद बदललं, कडकपणा वाढवला, खाचेतली फट कमी केली. जितकं घट्ट बसवावं तितकं लवकर सुटायचं. तीन महिने आम्ही भलत्याच गोष्टीच्या मागे होतो. मी एका दोनशेपानी वहीत रोजचं लिहीत होते: तारीख, कुठला सेट, पान्याने किती आवळला, किती दिवस टिकला, काढल्यावर कसा दिसला. त्यात कायद्याचा विचार अजिबात नव्हता. आण्णांची सवय होती, तीच मला लागली.

मार्चमध्ये मामांनी एक काढलेला वायसर उलटा केला, खाचेत स्क्रूड्रायव्हर घातला आणि म्हणाले, “पेंड बसलीया की हो.” दगडाची भुकटी आणि पाण्याचा फवारा मिळून खाचेत सिमेंटसारखा गठ्ठा झाला होता. जीभ वाकत नव्हती. खालून भुकटी तिला उचलत होती आणि वायसर एका बाजूला कलत होता. मग खाच पट्टीच्या कडेपर्यंत उघडी कापली. तो सेट तीन आठवडे टिकला. पुढे जिभेच्या पोटाला बाहेरच्या बाजूला उतार दिला, म्हणजे चाळणी हादरली की भुकटी आपोआप कडेने खाली पडते. हा सेट जूनमध्ये लावला. त्यावर चार वेळा जाळी बदलली, दर वेळी नट साध्या पान्याने उघडला.

४ नोव्हेंबर २०२२ ला, मुदतीला चार दिवस ठेवून, पूर्ण स्पेसिफिकेशन गेलं. क्लेम (नेमका कशावर हक्क मागतोय ते सांगणारी वाक्यं) दहाच ठेवले, कारण अकराव्यापासून प्रत्येक क्लेमला ३२० रुपये पडतात. क्लेम १ आम्ही ऐसपैस ठेवला: उतारवाली जोडी, खालच्याला जीभ, जीभ खाचेत. उघडी खाच आणि जिभेचा उतार हे सहावा आणि सातवा क्लेम म्हणून मागे टाकले. एजंटांनी सुचवलं होतं की त्या दोन गोष्टींनी नेमका काय फायदा होतो ते वर्णनात सविस्तर लिहा. मी घाईत दोनच ओळी लिहिल्या. याचं पुढे फार वाईट वाटलं.

शोधक म्हणून माझ्यासोबत मामांचं नाव घातलं. ते नको म्हणत होते. “आडनाव चुकलं तर पेन्शनला भानगड हुईल.” उघडी खाच त्यांची, मग नाव न घालणं खोटं झालं असतं. अर्जदार मी एकटीच असल्यामुळे त्यांनी हक्क मला दिल्याची सही फॉर्म १ वर घेतली. हे विसरू नका. नंतर माणूस मिळत नाही, नाहीतर मन बदलतं.

२१ नोव्हेंबरला दोन फॉर्म एकदम भरले. फॉर्म ९ लवकर प्रकाशनासाठी, २,५०० रुपये. नाहीतर अठरा महिने थांबायचं. आणि फॉर्म १८-ए जलद परीक्षणासाठी, ८,००० रुपये. सगळे अर्जदार व्यक्ती असतील आणि त्यांत एक जरी स्त्री असली तरी जलद परीक्षण मागता येतं, २०१९ पासून तसा नियम आहे. साध्या परीक्षणाचा फॉर्म १८ निम्म्या पैशांत, ४,००० मध्ये होतो, पण रांग मोठी असते. १६ डिसेंबरच्या शुक्रवारी पेटंट जर्नलमध्ये अर्ज छापून आला. तेव्हापासून कुणीही हरकत घेऊ शकतं. रोज सकाळी चहाआधी मी अर्जाची स्थिती बघायचे. कुणी घेतली नाही.

२७ मार्च २०२३ ला पहिला परीक्षण अहवाल आला.

एवढ्या लवकर आला म्हणून आधी आनंद झाला, मग वाचला. परीक्षकांनी दोन जुने दस्तऐवज शोधले होते, डी१ आणि डी२. डी१ म्हणजे उतारवाली जोडी, दात्यांसकट. डी२ म्हणजे जिभेचा लॉक वायसर: एक जीभ खाचेत आणि दुसरा कान वर वाकवून नटाच्या सपाट बाजूला टेकवलेला. निष्कर्ष असा की डी१ मधले खालचे दाते काढून तिथे डी२ ची जीभ बसवणं या क्षेत्रातल्या कुशल माणसाला सहज सुचेल, म्हणून कलम २(१)(जेए) प्रमाणे इन्व्हेंटिव्ह स्टेप, म्हणजे सहज न सुचणारी पायरी, नाही. शिवाय कलम ३(एफ): माहीत असलेल्या वस्तूंची नुसती मांडणी. दोन-चार आक्षेप भाषेच्या स्पष्टतेचे होते, ते किरकोळ.

मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. लाजच वाटत होती, कारण मनात मलाही ते पटत होतं. आता समोर ठेवलं तर उद्यमनगरातल्या कुठल्याही पोराला हे सुचेल.

एजंट म्हणाले, “आता समोर ठेवलं तर. हाच तर सगळा वाद आहे.” त्यांनी दोन निकाल वाचायला दिले. वकिली भाषा असूनही वर्कशॉपवाल्याला ते कळतात. एक १८५१ चा, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा, दाराच्या मुठीबद्दल. मुठीत दांडा अडकवायची पद्धत जुनीच, फक्त लाकडाऐवजी मूठ मातीची केली. न्यायालय म्हणालं, हे कुशल मेकॅनिकचं काम झालं, संशोधकाचं नाही. दुसरा आपल्याकडचा, १९७८ चा. लेथवर भांडं कातताना ते घट्ट धरून ठेवायच्या साधनाचं मिर्झापूरच्या एका भांडी कारखान्याचं १९५१ चं पेटंट होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं: वर्कशॉपमधल्या साध्या सुधारणेपेक्षा काहीतरी जास्त पाहिजे. त्यातली कसोटी मला फार आवडली. जुना कागद त्या धंद्यातल्या जाणकार कारागिराच्या हातात दिला असता आणि त्याला तुमचा शोध माहीत नसता, तर तो कागद बघून ‘मला हवं होतं ते हेच’ असं म्हणाला असता का?

दोन्ही पेटंटवाले हरले होते. हे काय वाचायला दिलंत, असं मी एजंटांना विचारलंसुद्धा.

उत्तराला अहवालाच्या तारखेपासून सहा महिने असतात, फॉर्म ४ भरून आणखी तीन वाढवता येतात. आम्ही जवळजवळ सगळे सहा महिने घेतले. डी१ आणि डी२ मी प्रिंट काढून ओळन् ओळ वाचले. आमच्यासारख्या प्रत्येकाने हे स्वतः करावं असं मला वाटतं. एजंटांना कायदा येतो, पण नट कसा सुटतो ते आपल्याला जास्त कळतं. एका रात्री लक्षात आलं की हे दोन कागद एकमेकांच्या विरुद्ध बोलतायत. डी२ चं म्हणणं असं की नट वायसरवर हलताच कामा नये, म्हणून तर कान वाकवायचा. डी१ चं म्हणणं असं की नट जरा तरी मागे फिरला पाहिजे, तेव्हाच वायसर उतारावर चढतो आणि धरतो. डी२ जसाच्या तसा डी१ ला लावला तर उतार मुका होतो. शिवाय कठीण पृष्ठभागावर ही जोडी वापरू नये असं डी१ मध्येच लिहिलं होतं. म्हणजे तो वाचणारा आमच्या पट्टीकडे वळलाच नसता.

मी हे मोठ्या उत्साहाने एजंटांना सांगितलं. ते म्हणाले, “चांगलं आहे, पण पुरेसं नाही. परीक्षक म्हणतील, कान सोडा आणि फक्त जीभ घ्या.” मग त्यांनी सहज विचारलं, “तुम्ही स्वतः फक्त जीभ घेऊन बघितली होती ना?”

बघितली होती. डिसेंबर २०२१, पहिला सेट, नववा दिवस. परीक्षकांनी कागदावर जी जोडणी केली होती, तीच आम्ही लोखंडात केली होती आणि ती चालली नव्हती. आणि मी काय केलं होतं? त्या न चाललेल्या वस्तूवरच क्लेम १ मागितला होता.

त्या दिवशी खरं काम सुरू झालं. क्लेम १ आवळला. त्यात उघडी खाच आणि जिभेचा उतार दोन्ही आणले आणि नुसत्या वायसरऐवजी वायसर, बोल्ट आणि पट्टी मिळून होणाऱ्या जोडणीवर तो मागितला. कलम ५९ प्रमाणे मूळ अर्जात नसलेलं काही आत घुसवता येत नाही. सहावा-सातवा क्लेम आधीच होता म्हणून वाचलो. नुकसानही झालं: उद्या कुणी नुसताच जिभेचा वायसर विकला तर त्याला थेट अडवणं अवघड जाईल. रात्रभर विचार करून सही केली. जे आपलं नव्हतं ते सोडलं, असं आता म्हणता येतं, पण तेव्हा हातून काहीतरी गेल्यासारखंच वाटलं होतं.

वहीची बावीस पानं स्कॅन करून, माझ्या शपथपत्रासह जोडली. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत आडव्या धक्क्यांची चाचणीही करून घेतली, १८,००० रुपये. बोल्टच्या लांबीच्या दिशेपेक्षा आडव्या हालचालीने नट जास्त सुटतो हे जर्मनीच्या गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवलं, तेव्हापासून ही चाचणी त्यांच्याच नावाने चालते. आमच्या सेटचा आलेख छान आला. पण एजंटांनी आधीच बजावलं होतं की अर्जानंतरच्या चाचणीला फार वजन मिळेलच असं नाही. जो फायदा मूळ वर्णनात सांगितलाय त्याला ती दुजोरा देते इतकंच. मला माझ्या त्या दोन घाईच्या ओळी आठवल्या. निदान त्या दोन तरी होत्या.

१८ सप्टेंबर २०२३ ला, गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी, उत्तर गेलं. घरी मोदकाची उकड मळताना मी मोबाइलवर पोचपावती बघत होते.

मग चार महिने शुकशुकाट. जानेवारीत सुनावणीची नोटीस आली: १५ फेब्रुवारी २०२४, व्हिडिओ कॉन्फरन्सवर. आक्षेप एकच उरला होता, तोच ‘सहज सुचेल’चा. नोटीस म्हणजे अर्ज फेटाळला असं समजून मी रडले होते. तसं नसतं. प्रतिकूल निर्णय देण्याआधी म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते.

आदल्या दिवशी वर्कशॉपचा इन्व्हर्टर तपासला. मागे लेथचा आवाज नको म्हणून सुनावणी घरून केली. टेबलावर तीन सेट ठेवले: बंद खाचेचा, उघड्या खाचेचा सपाट जिभेचा, आणि शेवटचा. कंट्रोलर (निर्णय देणारे पेटंट अधिकारी) शांत होते, पण प्रश्न थेट. “धुळीला वाट करून देणं ही कुठल्याही फिटरला सुचणारी गोष्ट नाही का?” एजंट काही बोलायच्या आत मी बोलले, बोलायला नको होतं, पण बोलले. म्हटलं, “सर, सुचली असती, धूळ हे कारण आहे हे कळलं असतं तर. आम्हाला तीन महिने कळलं नाही. आम्ही जीभ जाड करत होतो.” वहीची पानं दाखवली: चारची सहा केली, नऊ दिवसांचे सहा झाले.

त्यांचा दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. मँगनीजच्या पट्टीत बंद खाच पाडणं कटकटीचं, कडेपासून गॅसने कापणं सोपं. मग सोयीसाठीच खाच उघडी ठेवली असं का म्हणू नये? इथे मधला सेट कामाला आला. नुसती उघडी खाच तीन आठवडे टिकली होती, उतार दिल्यावर काम झालं. सोय म्हणून केली असती तर आम्ही तिथेच थांबलो असतो. आणि डी१, डी२ दोन्हींमध्ये धुळीचा एक शब्द नाही. एजंटांनी पुढचं कायद्याच्या चौकटीत बसवलं: कुशल माणूस कोण, त्याला तेव्हा काय माहीत होतं, फरक काय, आणि मागाहून बघून शहाणं होऊ नये. बावीस मिनिटांत संपलं. होकार नाही, नकार नाही. “लेखी निवेदन द्या.” त्याला पंधरा दिवस असतात. आम्ही २८ फेब्रुवारीला दिलं आणि त्यात जे बोललो तेच लिहिलं, नवं काही नाही.

१२ जुलै २०२४ ला पेटंट मंजूर झालं. मेल संध्याकाळी बघितला. मामा पाळी संपवून हात धूत होते. सांगितलं तर म्हणाले, “म्हंजे आता नट सुटणार न्हाई?”

खर्च विचारणारे बरेच आहेत म्हणून लिहिते. सरकारी फी मंजुरीपर्यंत १२,१०० रुपये. एजंटांचे सगळे मिळून ६८,०००. चाचणी १८,०००. नोटरी, पोस्ट, पुण्याच्या फेऱ्या धरून आणखी सहा-सात हजार. मंजुरी झाली की मागच्या वर्षांचं नूतनीकरण एकदम भरावं लागतं, त्याला तीन महिने मिळतात. तिसऱ्या ते सहाव्या वर्षाला व्यक्तीसाठी वर्षाला ८०० रुपये आहेत. वर्षं प्रोव्हिजनलच्या तारखेपासून मोजतात, मंजुरीच्या नाही. माझा इथेच गोंधळ झाला होता. अर्ज नाकारला गेला असता तर मुंबई उच्च न्यायालयात अपील, तीन महिन्यांत. आधी त्यासाठी वेगळं मंडळ होतं, ते २०२१ मध्ये बंद झालं. त्याचा खर्च मी विचारूनही ठेवला नव्हता, इतकी हिंमत नव्हती.

पैसे सुटले का? अजून नाही. पाच क्रशरवाले सेट घेतात. उद्यमनगरात एकाने जीभ असलेला वायसर काढलाय, बंद खाचेचा. मी काही बोलले नाही, बोलता येणारही नाही. तो सहा-नऊ दिवसांत परत येईल असं मामांचं म्हणणं आहे.

मंजुरी जाहीर झाल्यापासून वर्षभर हितसंबंध असलेल्या कुणालाही विरोध दाखल करता येतो. ते वर्ष जुलै २०२५ मध्ये संपलं. २०२४ पासून शोधकाला वेगळं प्रमाणपत्र मागता येतं, फॉर्म ८-ए. मामांसाठी तो भरलाय, आडनाव तीनदा तपासून. पाचव्या वर्षाच्या ८०० रुपयांची मुदत ८ नोव्हेंबर २०२५. कॅलेंडरवर गोल करून ठेवलाय, लेथच्या मागच्या भिंतीवर, मामांना दिसेल असा.